पाणचक्कीच्या उंबऱ्यापर्यंत

राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये बसून संयोगिता हिमालयातल्या एका खोऱ्याचा बर्फ राखायची. राखायची म्हणजे नुसती बघायची. उपग्रहाची चित्रं उतरवून घ्यायची, कुठला उतार पांढरा राहिला, कुठला उघडा पडला ते पाहायचं आणि संगणकातल्या मॉडेलला विचारायचं, वितळलेलं पाणी खाली कधी पोचणार? बाकी तिनं डोळ्यांनी पाहिलेला बर्फ म्हणजे उसाच्या रसाच्या गाड्यावरचा.

मे महिन्यात तिकडं अचानक ऊन तापलं आणि बर्फ भराभर ओसरला. परवा सकाळी नदी फुगणार, असं मॉडेल सांगत होतं. काठावरच्या गोठ्यांत गावाच्या गाई होत्या आणि राखणीला बायका तिथंच झोपत. संयोगितानं इशारा धाडला, प्रवाह सेकंदाला इतके घनमीटर. तिथं नदीचं पाणी मोजणारी डोल्मा फोनवर हसलीच. नदी रोजच्यासारखीच आहे, म्हणाली, आणि काठावरचा चारा आत्ता कुठं हिरवा झालाय, बायका काही हलायच्या नाहीत.

संयोगिता कपाळाला हात लावून बसली. गुडघा दाखवायला शिरोळहून आलेली तिची आई बायडाबाई शेजारीच मेथी निवडत होती. तिनं लेकीकडून सगळं काढून घेतलं. मग हातातली जुडी खाली ठेवली.

"महापुरात जीप अशीच वरडत गेलती की. इतकं क्युसेक सोडलंय म्हनं. ते क्युसेक मला काय कळतंय? पाणी म्हसोबाच्या पायरीला लागतंय म्हनले असते, तर चंद्रीचं दावं सोडलं असतं मी."

चंद्री म्हैस पुरात गेली, एवढंच संयोगिताला ठाऊक होतं. ती दाव्याला बांधलेली गेली, हे आईनं इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. संयोगिताला भडभडून आलं.

तिनं पुन्हा फोन लावला. घनमीटरचं नावसुद्धा काढलं नाही. काठावर काय काय आहे आणि ते पाण्यापासून किती उंच, एवढंच विचारलं. डोल्मा काठी घेऊन मोजून आली. तिची मापं मॉडेलमध्ये घालून संयोगितानं सांगितलं, की परवा सकाळी पाणी पाणचक्कीत शिरेल आणि गोठ्यांच्या दाराला लागेल. डोल्मा या वेळी हसली नाही. पाणचक्कीत तिच्या सासूचं दळण पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोल्माचा फोन आला. नदी फुगली, पण पाणी पाणचक्कीच्या उंबऱ्याला टेकून माघारी गेलं. गोठे कोरडेच राहिले. गाई घेऊन वरच्या कुरणात गेलेल्या बायका मात्र थंडीनं पार गारठल्या होत्या.

संयोगिताचं तोंड एवढंसं झालं. फोन हातात धरूनच ती आईला म्हणाली, की अंदाज चुकला, बायकांना उगाच त्रास झाला, आता पुढच्या वेळी कोण ऐकणार?

बायडाबाईचं त्याकडं लक्षच नव्हतं.

"गाई वर न्हेल्या न्हवं? समद्यांची दावी सोडलीती का, तेवढं विच्यार तिला."

संयोगितानं विचारलं. डोल्मा म्हणाली, सगळ्यांची सोडली, एकही गाय गोठ्यात बांधलेली राहिली नव्हती.

बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले. "मग पुढच्या वक्ताला बी सांग," म्हणाली, आणि मेथीची जुडी पुढ्यात ओढली.