पाणी भरलेलं शेत

अपूर्वाने बाळंतपणाला माहेरी जायचं म्हटलं, तेव्हा माझ्या कपाळावर आठी चढली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मलाही ठाऊक आहे. वरदच्या वेळी मी आईकडे गेले होतेच की, पण ती होती खडकीला. रिक्षात बसले आणि उतरले. माझ्या या सुनेचं माहेर पार आंध्रात, गोदावरी समुद्राला मिळते तिथे. सातव्या महिन्यात तिला तिकडे धाडायचं आणि नातवंडाचं तोंड व्हॉट्सअ‍ॅपवर बघायचं? मला ते बाळ इथे, माझ्या हातात हवं होतं.

"आई, आमच्या घरामागे लगेच भातशेत आहे," ती म्हणायची. "मला तिथे बसायचंय. बस, एवढंच."

"बसायला इथे बाल्कनी आहे," मी म्हणायचे. वरद तेवढ्यात पाणी प्यायला उठायचा.

माझी नोकरी येरवड्यातल्या एका छोट्या कंपनीत. नद्यांच्या मुखाशी भातशेती मोडून कोळंबीची तळी कुठे झाली, ते आम्ही उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशावर रंगवतो. हिरवं ते शेत, निळं ते तळं. सप्टेंबरात नेमका तिच्या गावाचा तुकडा माझ्यासमोर आला. चित्र जुलैचं होतं. लग्नात राहिले होते ते घर लगेच ओळखलं. त्याच्यामागे बांध घातलेलं काळंभोर पाणी. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, दुपारी जेवताना मी विषय काढला. "तुमचं भात गेलं गं. तिथे तळं झालंय. बाबा बोलले नाहीत वाटतं?"

तिने हातातला घास ताटात ठेवला. तिने उष्ट्या हातानेच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. तेलुगूत भराभर काहीतरी बोलली आणि फोन माझ्याकडे वळवला. लुंगी खोचून व्याही शेतात उभे होते आणि गुडघ्यापर्यंत हिरवंगार भात होतं.

"चित्र कधीचं होतं, आई?"

"जुलैचं."

"जुलैत आमच्याकडे लावणी असते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लावणीला पाणी भरलेलं शेत आणि तळं वरून सारखंच दिसतं, म्हणून इतर महिन्यांची चित्रं उघडल्याशिवाय रंग भरायचा नाही, हे मी ऑफिसात नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. या वेळी मीच ती उघडली नव्हती. मला तळंच हवं होतं ना!

व्याही मात्र हसले नाहीत. खालच्या आवाजात त्यांनी काहीतरी विचारलं. अपूर्वाने माझ्याकडे वळून पाहिलं.

"ते विचारतायत," ती म्हणाली, "तुम्हाला इतक्यात कसं कळलं."

मग सगळं बाहेर आलं. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांची तळी, त्यांतलं खारं पाणी झिरपून दरवर्षी पीक घटत चाललेलं. हे शेवटचं भात. संक्रांतीनंतर तिथेही तळ्याच्या खोदाईचं मशीन येणार होतं. लेकीला बाळ झाल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं.

अपूर्वा रडली नाही. पदराने पुसावं तसं ओढणीने फोनची काच पुसत राहिली. इतके दिवस मी हिच्याशी बाल्कनीवरून भांडत होते, याची मला मनापासून लाज वाटली.

"कापणी कधी असते?" मी विचारलं.

"नोव्हेंबरच्या शेवटी."

तिची तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर होती.

"वरद, डॉक्टरांना विचार आणि हिचं या आठवड्याचं तिकीट काढ," मी म्हटलं. "खालचा बर्थ बघ. तूही जा सोबत."

अपूर्वा माझ्याकडे बघतच राहिली. "आई, पण तुम्हाला तर बाळ इथे हवं होतं."

"हवंय अजूनही. मी बारशाला येते. तोवर कापू नका म्हणावं बाबांना. आजीच्या कुशीतून एकदा बघू दे त्याला, आईचं शेत."

तिने ते वडिलांना तेलुगूत सांगितलं. मला त्यातला एक शब्द कळला नाही, पण पलीकडे तो भातात उभा असलेला माणूस लुंगीच्या टोकाने डोळे पुसू लागला.