हुसेनबीची जरीची साडी

लातूरहून क्लासची पोरं व्हिडिओ काढायला येणार म्हटल्यावर केवळाबाईनं पहाटेच कंबर कसली. भूकंपानंतर मिळालेल्या पत्र्याच्या शेडात तिचा निम्मा जन्म गेला होता. आता पत्र्याची पार चाळण झालेली, आणि खाली बाजेला खिळलेला नवरा, शेषेराव. मागचा पावसाळा त्यानं ओल्या गोधडीत काढला, पाठीला जखमा पडल्या. यंदा घरकुलाच्या यादीत नाव होतं, पण यादी जागची हलत नव्हती. लाखो लोक बघतील, मग यादी पळंल, असं पोरांचा म्होरक्या सत्यम सांगून गेला होता.

लाखो लोक म्हणजे पाहुणेच की. आणि पोटात काही नसलं तरी पाहुण्यापुढं अब्रू झाकावीच लागते. केवळाबाईनं अंगण सारवलं, चहाला दूध आणलं. शेजारच्या हुसेनबीची जरीची साडी मागून नेसली. तिचीच फुलाफुलाची चादर पत्र्याखाली ताणून बांधली.

"भोकं कशाला झाकाय लागलीस?" शेषेराव म्हणाला.

"पाव्हणे याय लागलेत. गप पडा."

सत्यमनं अडचण विचारली. रीतीप्रमाणं तिनं आधी देवाच्या दयेनं बरं हाय म्हटलं, मग पत्रं तेवढं गळतंय म्हणाली. त्या लेकरानं वर मान करून बघितलंसुद्धा नाही. दुपारी त्याची टेस्ट होती.

आठ दिवसांत तीन लाख लोकांनी तिला बघितलं. हळहळले थोडे, शिव्या देणारेच जास्त. म्हणे गरीब, आणि अंगावर जर! मग ग्रामसेवकानं बोलावणं धाडलं. वर तक्रारी गेल्या होत्या, नाव यादीतून निघालं होतं.

केवळाबाई धावतच गेली. "सायेब, साडी हुसेनबीची हाय. चादर बी तिचीच. येऊन बघा की एकदा."

"मी बघून काय करू, केवळाबाई? लोकांनी बघितलंय."

सत्यमचा फोन आला. पुन्हा काढू म्हणाला, फक्त या वेळी फाटकं नेसा.

"बाबा, पाव्हण्यापुढं फाटकं नेसून बसायचं मला कुणी शिकवलंच न्हाई," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

शिरूरकडून आभाळ भरून येत होतं. हुसेनबीची चादर भिजू नये म्हणून तिनं दोऱ्या सोडल्या. चादर खाली आली, तशी वरची सगळी भोकं उघडी पडली.

शेषेराव त्यांच्याकडं बघत राहिला. "तीन लाख पाव्हणे," तो म्हणाला. "च्या पुरला का गं सगळ्यांला?"

वरच्या भोकातून पहिला थेंब टपकला. पातेलं आणून केवळाबाईनं त्याच्या पोटावर ठेवलं.