चौकीवरचा चंद्र

“तोप का मुँह चौकी की तरफ कायकू?” अंगणात शिरता शिरता पोलीस चौकीच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, विचारलं.

“आज चंद्र चौकीच्या वर आलाय, साहेब,” दीनानाथ म्हणाला.

“किसकी इजाजत से?”

दीनानाथ जालना स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होता. तिथं सरकीचं पोतंही इजाजतीशिवाय हलत नसे. त्यामुळं त्याला हा प्रश्न रास्तच वाटला.

तोफ म्हणजे दुर्बीण होती. पत्रेवाल्याकडून वळवून घेतलेली पुरुषभर लांब नळी, आतबाहेर काजळी फासलेली, तोंडाला औरंगाबादेहून आणलेलं भिंग. ती बसवली होती घरच्या जात्यावर. खुंटा धरून जातं फिरवलं की दुर्बीण आकाशभर फिरायची. पुरुषमाणूस रोज संध्याकाळी जात्यावर बसतो आणि पीठ काही पडत नाही, हे गल्लीनं बरीच वर्षं सोसलं होतं. पण आज नळीचं तोंड थेट चौकीकडे दिसल्यावर कुणीतरी वर्दी दिली होती.

त्यात आज गणेश चतुर्थी. या दिवशी चंद्र बघितला की माणसावर खोटा आळ येतो, म्हणून सगळं गाव दिवस कलल्यापासून जमिनीकडे बघत चाललं होतं. बाजारात दोन-तीन टकराही झाल्या होत्या. दीनानाथला मात्र नेमकं आजच बघायचं होतं. चंद्र आज चित्रेच्या ताऱ्यावरून जाणार होता. कोवळ्या चंद्राची काळी बाजू पुढं असते. तारा त्या न दिसणाऱ्या कडेला टेकला की फुंकर मारल्यासारखा विझतो. पंचांगावर डोकं घासून त्यानं हे काढलं होतं आणि गेल्या दिवाळीपासून तो या एका क्षणाची वाट बघत होता. पुन्हा असा योग येईपर्यंत त्याची नोकरी संपलेली असणार होती, कदाचित तोही.

सकाळपासून बायकोशी, अरुंधतीशी, वाद चालला होता.

“मी चित्रेला बघून राह्यलो. चंद्र मधे येतो, त्याला मी काय करू?”

“एवढं मोठं धूड मधे आलं अन् तुम्हाला दिसणार न्हाई?”

“दिसलं तरी लक्ष देणार न्हाई.”

शेवटी तिनं डोळा लावायच्या भिंगाला फडकं बांधलं आणि चंद्राकडे पाठ करून जात्यापाशी बसून राहिली. अशात अमीनसाहेब आले.

“ये तोप जब्त होगी,” ते म्हणाले.

दीनानाथचा चेहरा उजळला. “ऐकलं का? आळ आला!”

“अन् तुम्ही हसून राह्यले?”

“अगं, मी चंद्र अजून बघितलाच न्हाई अन् आळ आधीच आला. तोही बिलकुल खोटा. आता न्हाई बघितलं तर हा फुकट जाईल.”

अरुंधतीनं विचार केला. यात खोट सापडेना. तिनं फडकं सोडलं. पण दुर्बीणच गेली तर नवरा काय बघणार, हेही तिच्या ध्यानात आलं.

“साहेब, जप्त करायच्या आधी एकदा आत बघा. तोफ असली तर मंग न्या.”

दीनानाथनं वर पाहिलं. तारा चंद्रापासून अजून थोडा दूर होता. वेळ होता. त्यानं नळीच्या बुडाखाली पाचर सारून तोंड खाली केलं आणि कंदील लावलेली चौकीच अमीनसाहेबांना दाखवली.

“या खुदा! चौकी उल्टी हो गई!”

“यात सगळं उलटंच दिसतं, साहेब.”

“और ये जवान उल्टा होकर भी सो रहा है?”

“सुलटा असतानाच झोपला असंल.”

मग दीनानाथनं नळीच्या बुडाखालची पाचर काढली, तोंड उचललं आणि खुंटा किंचित सरकवला. अमीनसाहेबांनी पुन्हा डोळा लावला. त्यांच्या हातातली छडी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

“पहाडां हैं,” ते हळूच म्हणाले. “गड्ढे हैं. और बाजू में हीरा है.”

“साहेब, आता मला जरा...”

“ठहरो.”

अमीनसाहेबांनी ‘ठहरो’ म्हटलं की माणसं थांबत. दीनानाथ थांबला. तारा थांबला नाही.

“गया!” अमीनसाहेब दचकून मागं सरले. दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाले, “मैं कुच नै किया. हाथ भी नै लगाया.”

दीनानाथनं घाईनं डोळा लावला. चंद्र होता, डोंगर होते, शेजारी स्वच्छ काळोख होता. तारा दुसऱ्या बाजूनं निघेपर्यंत चंद्रच मावळणार होता.

“माझ्यामुळं झालं,” अरुंधती पुटपुटली.

दीनानाथ थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग सरळ झाला.

“तुम्ही काही न्हाई केलं, साहेब. तो जाणारच होता. कसा गेला? हळूहळू विझला का?”

अमीनसाहेबांनी जन्मभर दुसऱ्यांचे जबाब घेतले होते. आता स्वतःचा द्यायचा होता.

“था,” ते म्हणाले. “फिर नै था.”

“मधे काही?”

“बीच में कुच नै.”

“बराबर,” दीनानाथ म्हणाला. “असाच जायला पाहिजे.”

अमीनसाहेबांनी जप्तीचं नाव काढलं नाही. छडी उचलून ते निघाले आणि फाटकापाशी थांबून पुन्हा एकदा वर बघून गेले.

अरुंधती उठली. पदर सावरून तिनं मान वर केली, सरळ चंद्राकडे.

“कुठं होता?”

दीनानाथनं तिचं बोट धरलं आणि चंद्रकोरीशेजारच्या रिकाम्या जागेवर नेऊन ठेवलं.