आरशातली रुरी

शाईच्या बाटलीमागे भिंतीला टेकून उभा आहे, तो मी. उजव्या कडेला काळे डाग पडलेला, लाकडी चौकटीचा लहानसा आरसा. खरं तर बोलणं माझं काम नाही. समोर येईल ते दाखवायचं आणि गप्प राहायचं. पण हल्ली एका काळजीनं मला घेरलंय, म्हणून बोलतोय.

माझं पहिलं घर म्हणजे ओकायामाजवळच्या एका गावातलं केस कापायचं दुकान. माझ्या मालकिणीचे, मित्सुएचे, वडील केस कापून झाले की मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरत. गिऱ्हाईक मान डोलवायचं, "छान, छान" म्हणायचं. नीट बघत मात्र कुणीच नसे. माणसं अशीच असतात, हे मी तिथेच शिकलो.

दुकानाच्या काचेवर शेजारच्या टॉकीजचं पोस्टर लावलं की टॉकीजवाले फुकट पास देत. वडिलांना सिनेमात झोप यायची, म्हणून पास मित्सुएच्या वाट्याला यायचा. अमेरिकेचे, फ्रान्सचे, इटलीचे सिनेमे. युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते, घरात भातात रताळी मिसळलेली असत, आणि ही पोरगी पडद्यावर पांढरे जिने, झुंबरं आणि घेरदार फ्रॉक बघून यायची.

सिनेमा काही हातानं थांबवता येत नाही. एखादा चेहरा आवडला की तो पुढच्या क्षणी गेलाच. म्हणून मित्सुएनं एक युक्ती काढली. नायिकेचा चेहरा जसा असेल तसा ती स्वतःच्या तोंडावर करायची, आणि तो तसाच धरून टॉकीजमधून घरी धावत यायची. आली की मला ओढून घ्यायची आणि चेहरा सुटायच्या आत कागदावर उतरवायची.

पुढे वडील वारले, दुकान गेलं. आई तामाए आणि मित्सुए टोकियोत एका माडीवरच्या खोलीत राहायला आल्या. दुकानातलं काय आणलं, तर एक कंगवा आणि मी. मित्सुए मुलींच्या मासिकात चित्रकथा काढू लागली. सवय तीच. आता फक्त चेहरा ट्राममधून आणायला लागायचा. एकदा ओठ थरथरवत, डोळे मोठे करून बसली होती, तर कंडक्टरनं विचारलं, "दाढ दुखतेय का, बाई?" बिचारी हसली आणि चेहरा गेला! घरी येऊन माझ्यासमोर चिडून रडली. मग त्या रडण्याचंच चित्र काढलं.

परदेशी नट्यांच्या डोळ्यांत दोन दिवे का दिसतात, हे शोधायला तिनं माझ्यासमोर कंदील, मेणबत्ती, टेबलाचा दिवा, सगळं लावून पाहिलं. तेव्हापासून तिच्या चित्रांतल्या मुलींच्या डोळ्यांत चांदण्या आल्या.

आणि एकदा ती चेहरा न आणताच आली. मला हातात धरलं, अगदी नाकाशी. मग हात लांब करत, पाय मागे मागे टाकत गेली, ती थेट कपाटावर आपटली.

"आई, काय गंमत सांगू! आधी पडद्यावर नुसता तिचा चेहरा. वाटतं, ती आपल्याकडे बघतेय. मग कॅमेरा मागे येतो, चौकट दिसते, आणि कळतं की हा आरसा आहे. ती तर आपल्याला पाठमोरी उभी आहे!"

"कपाटाचं दार मोडलंस तर घरमालकीण मला घराबाहेर काढील," तामाए म्हणाली.

मित्सुएच्या नायिकेचं नाव रुरी. समुद्राकाठच्या हॉटेलात राहणारी, आई शोधणारी मुलगी. दोन वर्षं तिची गोष्ट बरी चालली. पण टोकियोत ऑलिम्पिक होऊन गेलं त्या वर्षी वाचकांची पत्रं आटली. संपादक सेगावा-सान, तरुण, कायम घाईत असलेला आणि मित्सुएला आदरानं 'सेन्सेई', म्हणजे गुरू, म्हणणारा माणूस, मान खाली घालून म्हणाला, "सेन्सेई, मुख्य संपादक म्हणतात, ही पोरगी फारच परदेशी आहे. नव्या वर्षाच्या अंकाचं मुखपृष्ठ तुम्हाला दिलंय. ते चाललं तर ठीक. नाही तर वसंतात रुरी बंद."

"चालेल. पांढरा फ्रॉक घालते तिला."

"नव्या वर्षाला फ्रॉक? मला कच्चा खातील! किमोनो हवा."

रुरीनं कधी किमोनो घातला नव्हता. मित्सुएलाही त्याच्या चुण्या काढायची सवय नव्हती. तिनं तामाएचा जांभळा किमोनो नेसला, मला उंच टांगलं, आणि माझ्यात जसं दिसलं तसं काढलं. चेहरा मात्र नेहमीसारखा, सिनेमातून आणलेला. डोळ्यांत चार चार चांदण्या. सेगावा-सान तो चेहरा बघून खूश झाला आणि चित्र घेऊन पळाला. वर्षअखेरीला छापखाने लवकर बंद होतात, श्वास घ्यायला कुणाला वेळ नसतो.

काही दिवसांनी तो आतली पानं न्यायला आला. दुपारची वेळ होती. येताना मुखपृष्ठाचा छापील नमुना घेऊन आला होता. तामाएनं चहा आणि संत्री आणून ठेवली, नमुना हातात घेतला, आणि किंचाळली.

"अगोबाई! ही मेली कधी?"

"कोण मेलं?" मित्सुए म्हणाली.

"तुझी रुरी! हिचा किमोनो बघ. उजवी बाजू वर! प्रेताला नेसवतात तसा नेसवलायस की तिला!"

सेगावा-सानच्या तोंडातली संत्र्याची फोड तोंडातच राहिली. आमच्याकडे जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू वर घेतो, आणि मेलेल्याला उलटा नेसवतात. हे लहान मुलालाही ठाऊक असतं. मित्सुएलाही होतं. तिनं बरोबरच नेसला होता, पण काढला तो माझ्यातला. आणि त्या चेहऱ्याच्या नादात कुणीही गळ्याकडे पाहिलं नाही. ना मित्सुएनं, ना संपादकानं, ना छापणाऱ्यांनी.

सेगावा-सान जिना उतरून कोपऱ्यावरच्या तंबाखूच्या दुकानात फोन करायला धावला. तामाए जपमाळ शोधू लागली. "ऐन सणाला मेलेली पोर कोण घरात घेईल? आया अंक दुकानदाराच्या तोंडावर फेकतील."

मित्सुए माझ्यासमोर बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी हादरलो. आता ही मला फोडणार, असं वाटलं. पण हादरलो ते त्यामुळे नाही. इतक्या वर्षांत माझ्यात किती चेहरे येऊन गेले, इटलीचे, अमेरिकेचे. हा चेहरा कुठल्याच सिनेमातला नव्हता. कोरडे ओठ, वर चढलेली एक भुवई, घाबरलेली केस कापणाऱ्याची मुलगी. तिचा स्वतःचा.

सेगावा-सान धावतच परत आला.

"सकाळपासून छपाई चालू आहे. निम्म्याहून जास्त झाली. दुसरा कागद नाही, वेळ नाही. मुख्य संपादक म्हणाले..." तो थांबला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मेलीच आहे तर याच अंकात मारून टाका. मुली रडतील, आणि विषय मिटेल."

मित्सुए उठली. तिनं मला खिळ्यावरून काढलं, नाकाशी धरलं, आणि हात लांब करत मागे मागे चालू लागली. कपाट लागलं तेव्हा थांबली.

"सेगावा-सान, आतली पहिली पानं अजून माझ्याकडेच आहेत ना?"

"आहेत, पण मी ती न्यायलाच आलोय!"

"मग बसा. नुसते बसू नका. हा ब्रश घ्या आणि मी सांगेन तिथे केस काळे करा. आई, त्यांना आणखी संत्री दे."

"मला ब्रश धरता येत नाही हो, सेन्सेई."

"आज येईल."

पहिल्या चौकटीत तिनं मुखपृष्ठावरचीच रुरी काढली, उलट्या किमोनोतली. दुसऱ्या चौकटीत ती जरा लांब. तिसरीत तिच्याभोवती लाकडी कड. आणि पान उलटलं की पूर्ण खोली. तिरकी उभी असलेली रुरी, छातीवर डावी बाजू वर, बरोबर जिवंत माणसासारखी. ती माझ्यात बघत होती. हो, माझ्यात. माझ्या चौकटीचा उडालेला कोपरासुद्धा तिनं काढला. आणि रुरीच्या डोळ्यांत या वेळी चांदण्या नव्हत्या. कोरडे ओठ होते, एक भुवई वर होती.

सेगावा-सान दिवेलागणीला पानं घेऊन गेला. त्याच्या नाकालाही शाई लागली होती.

अंक निघाला. काही आयांनी संतापून पत्रं लिहिली, सेगावा-सानला बोलणी बसली. पण मुलींनी काय केलं ठाऊक आहे? कुणी तरी ते मुखपृष्ठ घरच्या आरशासमोर धरलं, आणि आरशात रुरीचा किमोनो सरळ दिसला. मग एकीनं दुसरीला सांगितलं. गावोगाव मुली आरशासमोर अंक धरून उभ्या राहिल्या. "रुरी जिवंत आहे, आम्ही पाहिली," अशी पत्रं आली. वसंतात रुरी बंद झाली नाही.

मित्सुएनं माझ्या डाव्या कडेला लाल दोरा बांधला, पुन्हा चूक नको म्हणून. तो अजून आहे, रंग मात्र गेलाय.

आता मित्सुए फार म्हातारी झाली आहे. तामाए कधीच गेली. फुकी नावाची शिष्या येते, फोनवर सिनेमा हवा तिथे थांबवते आणि चेहरा काढते. गुणी आहे, पण टापटिपीची. मागच्या आठवड्यात मला उचलून म्हणाली, "सेन्सेई, हा आरसा टाकून देऊ का? काही दिसत नाही यात."

माझा पारा सुटत चाललाय, हे खरं. काळे डाग रोज आत सरकतात. मी घाबरलो.

मित्सुए म्हणाली, "ठेव. त्याच्याकडे माझं एक काम आहे. मी गेल्यावर मला रीतीप्रमाणेच नेसव, उजवी बाजू वर. पण शवपेटी बंद करायच्या आधी ह्याला एकदा माझ्यासमोर धर. बघून घे मला."

फुकीला कळलं नाही. मला कळलं.

पेटी जाळायची असते, म्हणून काच तीत घालू देत नाहीत, आणि मला तिच्याबरोबर जायचंही नाही. मला फक्त तेवढा वेळ टिकायचंय. म्हणून विनवणी एवढीच. आवराआवरीत मला टाकू नका. माझा मधला भाग अजून स्वच्छ आहे, एका गळ्यापुरता. त्या दिवशी मला तिच्यासमोर धरा, आणि कुणी तरी नीट बघा. माझ्यात मित्सुएची डावी बाजू वर असेल.