काय चुकले? विशेष काही नाही

चौपन्नाव्या वर्षी मी विद्यार्थी झालो, त्यात ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती. पंचवटीतल्या आमच्या वाचनालयाला सरकारी अनुदानासाठी वरचा वर्ग मिळवायचा होता. त्यासाठी प्रशिक्षित ग्रंथपाल लागत होता आणि मी सव्वीस वर्षे ग्रंथपाल असलो तरी प्रशिक्षित नव्हतो. म्हणून १९९८ साली कार्यकारिणीने मला मुक्त विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाला घातले. लहान मुलाला बालवाडीत घालतात तसे. दर रविवारी डबा घेऊन अभ्यासकेंद्रावर जायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि माझ्या मुलीच्या वयाच्या समंत्रक, म्हणजे शिकवणाऱ्या, बाईंनी "काका, समजलं ना?" असे विचारले की न समजताच मान हलवायची.

अभ्यासक्रमात कार्यानुभवाची एक नोंदवही होती. नोकरी करता करता जे शिकलात ते तिच्यात लिहायचे. पानावर तीन छापील प्रश्न असत: काय केले? काय चुकले? त्यातून काय शिकलात? शेवटच्या पानावर संस्थेच्या प्रमुखाची सही आणि शिक्का हवा. हा विषय मला सर्वांत सोपा वाटला. पुस्तकातले डोक्यात राहत नसले तरी स्वतःच्या कामाबद्दल चार पाने लिहायला काय अवघड? अवघड एवढेच होते की लिहिण्यासारखे काम मी करत नव्हतो. मी खिडकीशी बसून वाचत असे. वाचनालय चिमणाबाई चालवत असे.

चिमणाबाई आमची शिपाई. मूळची पेठ तालुक्याकडची, शाळा दुसरीपर्यंत. आमच्याकडची निम्मी पुस्तके फाटून पुन्हा बांधलेली होती, सगळी एकाच तपकिरी पुठ्ठ्यात, वरची नावे पुसलेली. त्यातून ती हवे ते पुस्तक बरोबर काढायची. जाडीवरून, चहाच्या डागावरून, आणि मुख्य म्हणजे आधी कोणी नेले होते त्यावरून. "त्या नर्सबाई रडल्या होत्या तेच ना? देते." किंवा, "ते नका नेऊ. ते तीन जणांनी अर्ध्यातनं परत आणलंय."

या पद्धतीला शास्त्राचा आधार नव्हता, हे मला अभ्यासक्रमामुळे कळले. पुढच्या मे महिन्यात मी दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन मांडणी, करायचे ठरवले. चार हजार पुस्तके, सहा आठवडे. चिमणाबाई पुस्तके उतरवायची, मी क्रमांक ठरवून चिठ्ठ्यांवर लिहायचो आणि मैद्याच्या खळीने त्या चिकटवायचो.

"तात्या, खळीत मोरचूद टाका," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "बांधणीवाले टाकत्यात. नायतर झुरळं खातील."

मी पाठ्यपुस्तक काढून पाहिले. लेबल कुठे लावायचे, किती उंचीवर लावायचे हे होते, मोरचूद नव्हता.

"यात दिलेलं नाही," मी म्हणालो.

"झुरळांनी वाचलंय का ते?"

मी हसलो नाही. शास्त्रीय काम चालू असताना हसणे मला बरे वाटले नाही.

जूनमध्ये मी नव्या मांडणीची चाचणी घेतली. रोज येणाऱ्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना एका प्रवासवर्णनाचा क्रमांक कागदावर लिहून दिला आणि म्हटले, शोधा. ते कपाटांमधून हिंडत राहिले. एकदा धर्मग्रंथांपाशी बराच वेळ उभे होते. मला वाटले, प्रार्थना करताहेत. शेवटी चिमणाबाई उठली, त्यांच्या पाठीमागून हात घालून तिने पुस्तक काढले आणि पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसली.

त्या संध्याकाळी मी नोंदवहीत लिहिले: "नव्या मांडणीमुळे वाचकास कोणाच्याही मदतीशिवाय हवे ते पुस्तक दोन मिनिटांत मिळू लागले आहे." दोन मिनिटे हा आकडा अगदीच खोटा नव्हता. ती उठल्यापासून मोजले तर दीडच झाले असते. 'काय चुकले?' या प्रश्नापुढे मी लिहिले, 'विशेष काही नाही.' आणि शिकलो काय, तर 'कामातील शास्त्रीय दृष्टिकोनाचे महत्त्व.'

सहीसाठी वही अध्यक्षांकडे गेली. धोंडीरामशेठ भांड्यांचे व्यापारी. दुकानातल्या वजनकाट्याखेरीज ते काही वाचत नाहीत असा माझा समज होता. पण त्यांनी वही तीन दिवस ठेवून घेतली आणि शिक्का मारून परत देताना म्हणाले, "तात्या, तुमच्यात एवढं होतं, कधी बोलला नाहीत!" समंत्रक बाईंनी 'अ' श्रेणी दिली आणि माझी पाने वर्गात वाचून दाखवली. मी संकोचाने खाली पाहत होतो. बाई पुढचे पानही वाचतील का, एवढाच विचार मनात होता.

मग पावसाळा आला आणि झुरळांनी चिठ्ठ्या खाल्ल्या. सुरुवात ज्ञानकोशापासून केली, हे मला त्यातल्या त्यात बरे वाटले. ऑगस्ट संपेपर्यंत चार हजार पुस्तके काटेकोर क्रमाने उभी होती आणि तो क्रम कोणता हे कोणालाच सांगता येत नव्हते. जुनी मांडणी मी मोडली होती, नवी झुरळांनी. चिमणाबाईने पंधरा दिवसांत पुन्हा सगळे पाठ केले. मला अजून माझ्या टेबलाच्या खणातला शब्दकोशसुद्धा सापडत नव्हता.

सप्टेंबरात कार्यकारिणीची बैठक झाली. चौथा विषय होता: शिपाई पद. धोंडीरामशेठनी पिशवीतून माझ्या नोंदवहीची झेरॉक्स काढली.

"हे बघा. तात्यांनीच लिहिलंय. 'कोणाच्याही मदतीशिवाय.' विद्यापीठानं 'अ' दिलाय. मग मदतनीस कशाला ठेवायची? चिमणाबाईंना दिवाळीपर्यंत ठेवू, मग साडी-चोळी देऊन निरोप."

चिमणाबाई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. ती धोंडीरामशेठकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

"ते... तसं नाहीये," मी म्हणालो.

"काय?"

"तसं नाहीये."

"मोठ्यानं बोला, तात्या. वाचक गेलेत घरी."

"ते बरोबर नाही लिहिलेलं. पुस्तकं सापडत नाहीत. चिठ्ठ्या झुरळांनी खाल्ल्या. आणि आधी होत्या तेव्हाही चिमणाबाईच काढून देत होत्या."

धोंडीरामशेठनी चष्मा काढला. "म्हणजे खोटं लिहिलंत?"

"थोडी अतिशयोक्ती..."

"याच्या खाली सही माझी आहे. शिक्का संस्थेचा आहे. आमच्या दुकानात कमी वजनाचं भांडं गेलं तर मी परत घेतो. तुम्हीही हे परत घ्या."

"परत घेतलं तर या वर्षी मी नापास होईन."

"मग बसून विचार करा. हे खरं असेल तर बाईंना निरोप. खोटं असेल तर तुम्ही नापास. दोन्हीकडनं कसं चालेल?"

इथे मी धैर्य दाखवले असे लिहिता आले असते, आणि सवयीने मी ते लिहिलेही असते. पण माझ्या मनात आले ते असे: दिवाळीनंतर कोणी पुस्तक मागितले तर उठायचे मला आहे. त्या कल्पनेनेच मला घाम फुटला. आणि चिमणाबाई अजून पाहत होती.

"खोटं आहे," मी म्हणालो. "मला स्वतःलाच पुस्तकं सापडत नाहीत."

सगळे हसले. सचिवांनी इतिवृत्तात 'पद कायम' असे लिहिले. वरचा वर्ग एक वर्ष पुढे गेला, आणि रविवारचा डबाही.

दुसऱ्या दिवशी चिमणाबाई आभार मानील अशी माझी अपेक्षा होती. तिने ते मानले की 'अहो, त्यात काय' असे म्हणायचे मी घरून ठरवून आलो होतो. तिने झाडू भिंतीला टेकवला.

"त्या वहीत माझं नाव होतं का?"

"नव्हतं. एके ठिकाणी 'सहायक' असं..."

"चार हजार पुस्तकं मी उतरवली. लय वही लिहिली तुम्ही! काम माझं जाणार होतं आणि नावसुदीक नाय."

मी टेबलावरची नवी वही पुढे ओढली.

"आता नवी लिवताय ना? वाचून दाखवा."

नवी वही मी आदल्या रात्रीच सुरू केली होती. 'काय चुकले?' या एका प्रश्नालाच सहा पाने लागली होती, पुरवणी जोडून. मी वाचू लागलो: "चिमणाबाईंनी खळीत मोरचूद घालण्यास सांगितले होते..."

"थांबा," ती म्हणाली. "चिमणाबाई कोण? नाशकात लय चिमणाबाई हायेत. पूर्ण नाव लिवा."

मी पेन उघडले आणि तसाच बसलो. अकरा वर्षे ती रोज माझ्या आधी येऊन वाचनालय उघडत होती. तिच्या पगाराची पावती सचिव लिहीत. मला तिचे पूर्ण नाव माहीत नव्हते.

तिला ते कळले. मग सावकाश, प्रत्येक शब्दाला थांबत, मुलांना शुद्धलेखन सांगतात तसे तिने सांगितले, "चिमणाबाई. बुधा. भोये."

मी लिहिले. तिने वही हातात घेतली, बोट फिरवून तीनही शब्द तपासले आणि वही परत माझ्यासमोर ठेवली.

"हां. वाचा आता पुढं."