दुभाषी बोलते

माझ्या वर्गातली पाओला ब्रुसेल्सला मोठ्या कचेरीत लागली. इव्हेट पॅरिसला रेडिओवर बातम्या सांगते. डिर्क फॉस जर्मनीत पंपांच्या कंपनीत आशिया खात्याचा साहेब झाला. आणि मी, लुंबिनी जयराम भालेराव, त्याच वर्गात पहिली आलेली, सातपूरच्या कारखान्यात टायपिस्ट. तीही तात्पुरती!

पदवीचं नाव युरोपीय अभ्यास. एक वर्ष जर्मनीत, एक फ्रान्समध्ये, एक बेल्जियममध्ये. सरकारी शिष्यवृत्तीवर अठ्ठ्याहत्तर साली गेले तेव्हा नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीनं हार घातले होते. एक्याऐंशीला परत आले तर तीच माणसं विचारायला लागली, "म्हणजे नेमकं काय शिकलीस गं? डॉक्टर का वकील?" काय डोंबल सांगणार? मुंबई-पुण्याच्या मुलाखतींत नाव ऐकून साहेब लोक गोड हसायचे, आडनाव ऐकून आणखी गोड हसायचे, आणि कळवतो म्हणायचे. कळवलं कुणीच नाही. मला त्या गोड हसण्याची अजून चीड येते.

शेवटी दादासाहेब गर्ग्यांनी ठेवून घेतलं. सातपूरचा कारखाना त्यांचाच. त्यांना जर्मन कंपनीशी करार करायचा होता आणि इंग्रजी बोलायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. "मी मराठीतच बोलणार," ते म्हणायचे, "आपली मुलगी फाडफाड जर्मन बोलते म्हटल्यावर पाहुणे गारच पडले पाहिजेत." करार झाला की एक्सपोर्ट ऑफिसरची जागा निघणार होती. ती तुझीच, असं त्यांनी मला चारचौघांत सांगितलं होतं. त्या शब्दावर मी तीन वर्षं बिलं टाइप केली. त्यांचा भाचा उपेंद्र मध्येच येऊन चिकटला, सहा महिने जर्मनच्या क्लासला जाऊन 'गूटन मॉर्गन' म्हणायला शिकला, तरी मी गप्प बसले.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात करारावर सही करायला जर्मनीहून माणूस आला. गाडीतून उतरला तो डिर्क. मला बघून ओरडलाच, "लुंबिनी!" दादासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं. वाटलं, आता झालं काम. हा माझी लायकी जाणतो. याच्या प्रबंधाचं फ्रेंच मी रात्र रात्र बसून सुधारलंय.

दादासाहेबांचा एक शिरस्ता होता. काळारामाचं दर्शन झाल्याशिवाय ते कुठल्याही कागदावर सही करत नसत. पाहुणा कुणीही असो, आधी पंचवटी, मग पेन. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी मलाही देवळात जावं लागणार होतं.

आमच्या घरातलं कुणीही त्या दारातून आत गेलेलं नव्हतं. आधी जाऊ दिलं नाही म्हणून, आणि बौद्ध झाल्यावर आम्हालाच जायचं नव्हतं म्हणून. माझा आजा सहादू तीस सालच्या सत्याग्रहात त्या दारापुढे बसलेला माणूस. रामनवमीच्या रथाच्या दिवशी कपाळावर दगड खाल्लेला. अजून खोक दिसते. त्या दिवसाविषयी आजा एकच वाक्य बोलायचा: "दगड मारनारे थोडे व्हते, पोरी. बघत उभे व्हते ते लय. मला त्यांचाच राग हाय."

सकाळी मी त्याला विचारलं, "जाऊ का, आजा?"

"जा की," तो म्हणाला. "कामाला चाललीस, पाया पडाया नाय."

आता आमच्या धंद्याचा एक नियम सांगते. दुभाष्यानं 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. आमचे प्राध्यापक बजावायचे, दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं. अगदीच बोलायची वेळ आली, तर आधी सांगायचं, 'आता दुभाषी बोलते', आणि मग बोलायचं.

देवळाच्या आवारात दादासाहेब हात पसरून सांगू लागले, "मी लहानपणापासून इथे येतो. हे देऊळ सगळ्यांचं. इथे कधी कुणाला अडवलं नाही. सांग त्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य मी माझ्या तोंडानं 'मी' म्हणून बोलायचं? मी, सहादू भालेरावाच्या नातीनं? पण नियम तो नियम. मी बोलले. जर्मनमध्ये, स्वच्छ, एकही शब्द न गाळता: मी लहानपणापासून इथे येतो, इथे कधी कुणाला अडवलं नाही. डिर्क मान डोलवत फोटो काढत होता.

मग मी म्हणाले, "आता दुभाषी बोलते. हे खोटं आहे. माझ्या आजाला याच दारात अडवलं. त्याचं कपाळ इथे फुटलं. तुला ठाऊक आहे, डिर्क."

त्याचा कॅमेरा खाली आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, दादासाहेबांकडे पाहिलं, आणि मग आपल्या अनवाणी पायांकडे पाहत राहिला.

"काय सांगितलंस?" दादासाहेबांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात ते सगळं. आणि तुम्ही गाळलंत तेही." मी त्यांना मराठीत पुन्हा ऐकवलं.

ते हसले. तेच गोड हसू. "अगं, झालं गेलं. आता कशाला उकरायचं? पाहुण्यांसमोर शोभतं का हे?"

दुपारी ऑफिसात सह्या झाल्या. पेढे फिरले. उपेंद्र टाय लावून कोपऱ्यात उभा. दादासाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "भालेराव, आता विचार याला. माल यांच्या मार्फत जाणार, तेव्हा माणूस यांच्या पसंतीचा हवा. एक्सपोर्टला कुणाला घेऊ? तुला, का उपेंद्रला? अगदी असंच विचार."

स्वतःच्याच नोकरीचा सवाल मला स्वतःच विचारायला लावला! काय माणूस हो! पण मी विचारला. माझा डिर्कवर विश्वास होता. आम्ही एका ताटात जेवलो होतो.

त्यानं पेढ्याचा कागद चुरगाळला. मग टेबलाकडे बघत हळू आवाजात बोलला. आणि मी नियमाप्रमाणे, 'मी' म्हणून, त्याचं बोलणं मराठीत केलं:

"मी भालेराव बाईंना चांगला ओळखतो. त्यांच्याइतकी हुशार विद्यार्थिनी आमच्या वर्गात दुसरी नव्हती. पण या जागेला शांत डोक्याचा माणूस लागतो, जो कुणाची बाजू घेत नाही. मला वाटतं, उपेंद्र योग्य राहतील. भालेराव बाईंनी दुभाषी म्हणूनच राहावं. त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही."

माझा आवाज एकदाही अडखळला नाही. ऐका, लोकहो, पहिल्या नंबराची दुभाषी कशी असते ते!

"वा!" दादासाहेब म्हणाले. "बघ, तुझाच वर्गमित्र म्हणतोय."

मी उठले. पर्स खांद्याला लावली. डिर्कच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आता दुभाषी बोलते." त्यानंतरचं त्याच्या भाषेत सांगितलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

दादासाहेब पुढे वाकले. "काय म्हणालीस गं त्याला? सांग की!"

"त्याला दुसरा दुभाषी बघा," मी म्हणाले. "तुमचा एक्सपोर्ट ऑफिसर आहे ना उभा." आणि निघाले. उपेंद्र दारातून बाजूला झाला.

घरी आजा ओट्यावर बसला होता. माझा चेहरा बघून त्याला कळलं. "गेली का नोकरी?"

"गेली."

"मंग? बोललीस का काय?"

एवढ्या ऑफिसात जे कुणाला कळलं नव्हतं, ते मी त्याला सांगितलं. डिर्कचा प्रबंध कशावर होता, तर त्याच्या गावातले ज्यू शेजारी उचलून नेले तेव्हा खिडक्यांतून गप्प बघत राहिलेल्या लोकांवर. आणि त्याचं पहिलंच वाक्य होतं, दगड मारणारे थोडे होते, बघत उभे राहिलेले फार होते. खाली लिहिलेलं, सहादू भालेराव, नाशिक. मीच दिलं होतं त्याला ते वाक्य. याच वाक्यावर परीक्षकांनी त्याची पाठ थोपटली होती.

"मी त्याला म्हणाले, प्रबंधातलं माझ्या आजाचं वाक्य काढ. आजच्या आज काढ. ते लिहायचा तुला हक्क नाही."

आजानं कपाळावरची खोक चोळली. "मंग काय म्हनला त्यो?"

"काही नाही. बघत राहिला."