वरचं दूध

फाल्गुन लागला होता. औशाच्या शिवारात आता पळस पेटले असतील, मोहराच्या वासाने आमराया घमघमत असतील. इथे मात्र, जर्मनीच्या उत्तरेकडच्या या लहानशा गावावर, धूसर, धूम्रवर्ण, म्लान प्रकाश पसरला होता. हिमधवल छपरं, हिमधवल वाटा, हिमभाराने वाकलेले निष्पर्ण वृक्ष. दिवस उजाडला होता, पण उजेड पडला नव्हता.

त्या म्लान प्रकाशात रत्नप्रभाबाई घराबाहेर पडल्या. अंगात लेकीचा कोट, पायांत जावयाचे बूट, आणि कोटाखालून डोकावणारा इरकलीचा जांभळा काठ. फोन ओट्यावरच राहिला होता. मागे घरात त्यांची ओली बाळंतीण लेक शर्वरी रडून रडून नुकतीच झोपली होती. तिच्या कुशीतली तान्हीही रडून रडूनच झोपली होती. एक दूध येईना म्हणून रडत होती, दुसरी दूध मिळेना म्हणून. तिसरीला रडायला फुरसत नव्हती.

येताना त्यांनी अळीव आणले होते. आरक्त, चकचकीत, इवले इवले अळीव. नारळाच्या पाण्यात भिजवायचे, गूळखोबऱ्यात शिजवायचे, गरम असतानाच लाडू वळायचे. आळीतल्या प्रत्येक बाळंतिणीने त्यांच्या हातचे हे लाडू खाल्ले होते, आणि आळीतलं प्रत्येक लेकरू आईच्याच दुधावर वाढलं होतं. बाईंना याचा भारी अभिमान. विमानतळावरच्या माणसाने बियाणं म्हणून ती पुरचुंडी काढून घेतली आणि समोरच्या पिंपात टाकून दिली.

आपल्याकडचं सामान मिळणारं दुकान दूरच्या शहरात होतं, आणि शनिवारशिवाय जावयाला सवड नव्हती. काल घरी आलेल्या दाईने तान्हीला तोलून पाहिलं, मान हलवली आणि वरचं दूध सुरू करायला सांगितलं. ‘माझ्या हयातीत नाही,’ असं रत्नप्रभाबाई ठणकावून म्हणाल्या, तेही मराठीत. दाईला ते कळलं नाही. शर्वरीला कळलं, आणि तिने तान्हीला पुन्हा छातीशी धरलं.

दुकानाचं दार आपोआप उघडलं. समोर एक प्रकाशनगरी उभी होती. शुभ्रप्रकाशित, शीतल, निःशब्द. नीलवर्ण डबे, पीतवर्ण डबे, रक्तवर्ण डबे. रांगेमागे रांग, रांगेमागे रांग. औशाच्या बाजारात डोळे मिटून चाललं तरी नाक वाट दाखवतं. इथे हळदीचा ठसका नाही, गुळाच्या ढेपेचा गोडवा नाही. एवढं अन्न, आणि कशालाच वास नाही. बाईंचं नाक बिचारं बेकार झालं.

तरी त्या शोधत राहिल्या. अक्षरं ओळखीची होती, शब्द परके होते. एका फळीवर जवस भेटले. शेजारी तीळ भेटले. खसखससुद्धा भेटली. परगावच्या लग्नात माहेरची माणसं भेटावीत तशा त्या तिघांना पाहून बाई हरखल्या, आणि चौथ्याला शोधू लागल्या. अळीव काही भेटले नाहीत.

भाज्यांपाशी आल्या तेव्हा पाय थकले होते. तिथे इवल्या इवल्या डब्यांतून जिवंत हिरवळ उभी होती. कोवळी, कृशांगी, पाचूसारखी हिरवी. भाजी घेण्याआधी दोन पानं खुडून चाखायची, हा औशाच्या बाजाराचा रिवाज. भाजीवालीच म्हणते, खाऊन तर बघा. बाईंचा हात सवयीने पुढे झाला. त्यांनी शेंडा खुडला आणि तोंडात टाकला.

जिभेवर झणका उठला. ओळखीचा, जुना, तिखट झणका. लहानपणी आई अळीव निवडायची, चार दाणे मोरीच्या कडेला सांडायचे, आणि ओलीवर उगवून यायचे. परकरी पोरी ती पानं खुडून खायच्या आणि हाशहुश करायच्या. तेच हे पान, तीच ही चव.

“अगं माय! हे तर अळीव!” बाई मोठ्याने म्हणाल्या. त्या शांत नगरीत दोन माणसांनी वळून पाहिलं.

अळीवच होते, पण उगवलेले. त्यांनी डबा वाकडा करून तळाशी पाहिलं. पांढऱ्या मुळांची गुंतवळ आणि रिकामी, फुटकी टरफलं. ज्या बीसाठी त्या बर्फ तुडवत आल्या होत्या, ते बी सगळा जोर पानांना देऊन मोकळं झालं होतं. आता त्याचे लाडू होणार नव्हते.

दुकानातली एक बाई जवळ आली. पन्नाशीची, सुवर्णकेशी, हिरवा डगला घातलेली. खुडलेल्या शेंड्याकडे पाहून ती काहीतरी बोलली. रागावली की काय, हेही कळेना.

“हे नको हो बाई. ह्याचं बी. बी पाहिजे,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या, आणि बोटाच्या पेरावर नखभर जागा दाखवली. एवढंसं. सुवर्णकेशी लगबगीने गेली आणि त्याहून लहान डबा घेऊन आली. त्यातही हिरवीच पानं होती.

मग त्यांनी शब्द सोडून दिले. दोन्ही हातांचा पाळणा केला, हलवला. छातीवर हात ठेवला, आणि तो रिकामा हात पुढे करून दाखवला. दाखवता दाखवता डोळे भरून आले. भर दुकानात, परक्या बाईसमोर, आपल्या लेकीला दूध नाही हे अशा खुणांनी सांगावं लागलं, याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

आणि सुवर्णकेशीला कळलं! तिचा चेहरा मायेने भिजला. तिने बाईंचा हात हातात घेतला आणि रांगांमधून नेत नेत एका भिंतीपाशी उभं केलं. अख्खी भिंत डब्यांची, आणि प्रत्येक डब्यावर गुबगुबीत, हसरं बाळ. त्यातला एक डबा तिने बाईंच्या ओंजळीत ठेवला आणि त्यांची बोटं आपल्या हातांनी त्याच्याभोवती मिटवली.

“बेबी,” ती हळुवार म्हणाली. “गूट, गूट.”

रत्नप्रभाबाईंनी आईला दूध यावं म्हणून मागणं केलं होतं. पदरात पडलं ते वरचं दूध. इतक्या प्रेमाने कुणी काही दिलं तर ते परत कसं करतात, हे त्यांना मराठीतही ठाऊक नव्हतं. घरी तान्ही उठली असेल, एवढंच डोक्यात घुमत होतं. उष्टा केलेला हिरवा डबाही त्यांनी बरोबर घेतला. पैसे चुकते करून बाहेर पडताना दारालगतच्या तारेच्या मांडणीत इरकलीचा काठ अडकला. डब्यावरची नजर न काढता त्यांनी तो सोडवला आणि चालू लागल्या.

तान्ही उठली होती. जिन्यातच तिचा आक्रोश ऐकू आला.

“आई, कुठं गेली होतीस? फोनपण इथंच टाकून!” शर्वरी कासावीस झाली होती. मग तिला डबा दिसला. “हे... तू आणलंस?”

“पाणी उकळून घे. लेकराला दे.”

“पण तू तर म्हणाली होतीस...”

“म्हणाले होते गं. तवा वाटलं होतं, अळीव मिळतील.”

तान्ही प्यायली. गटागटा, मिटल्या डोळ्यांनी, मुठी आवळून प्यायली. शर्वरीने भिंतीकडे तोंड फिरवलं. रत्नप्रभाबाई बाटली धरून बसल्या होत्या. नातीचं पोट भरलं म्हणून त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदाने लेकीकडे बघवेना. दुसरा हात त्या तिच्या पाठीवरून फिरवत राहिल्या.

बाहेर सांज उतरली. नीलधूसर, नीरव, हिमस्नात सांज. दुकानाच्या दाराशी, वसंत येणार म्हणून आजच मांडलेल्या त्या तारेच्या मांडणीत, बियाण्यांची पाकिटं ओळीने उभी होती. काठ जिथे अडकला होता, तिथल्या पाकिटावर त्याच हिरव्या पानांचं चित्र होतं. आत अंधारात आरक्त, चकचकीत, इवले इवले अळीव होते. दुधाचा डबा संपेल, तेव्हा रत्नप्रभाबाई दुसरा डबा घ्यायला येतील. दार आपोआप उघडेल. जांभळा काठ त्या पाकिटांना घासून आत जाईल, आणि घासून बाहेर येईल.